दिवसा राम, रात्री कृष्ण

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी आंबे, केळी, सीताफळं टोपल्यांत रचून ठेवलेली असतात, आणि त्यांच्याच शेजारी, बहुधा काचेच्या कपाटात, तळहातावर मावतील असे गोल रंगवलेले पत्ते. कुणावर मासे, कुणावर कासवं, कुणावर परशू किंवा बाण. मानाच्या पानांवर एकेक अवतार. पाठीमागे लाखेचा एकरंगी, तकतकीत थर. ही गंजिफा. दशावतारी नाटकांच्या मुलखात दशावतारांचेच पत्ते, तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडी ‘हे आपलं’ असे शब्द सहज येतात. ते खोटे नाहीत. पण ‘आपलं’ म्हणताना आपण मनात धरलेलं असतं की हा खेळ इथल्या मातीत उगवला, बाहेरच्या वाऱ्यापासून सुरक्षित राहिला आणि म्हणून तो अस्सल. या लेखाचं म्हणणं याच्या उलट आहे. सावंतवाडीची गंजिफा आपली आहे, कारण ती बाहेरून आली आणि इथल्या रंगाऱ्यांनी, खेळणाऱ्यांनी ती आपल्या हिशेबाने पुन्हा मांडली. जग पाहायला दूरदेशी जावं लागतं हा समज काही प्रमाणात खरा असेल, पण एका लहानशा संस्थानी गावातल्या कारागिराच्या पाटावर कैरो, इराण, आग्रा आणि स्पेन यांचे धागे एकत्र आलेले असू शकतात. ते दिसायला चित्रांपेक्षा खेळाचे नियम जास्त लक्ष देऊन पाहावे लागतात.

हिंदुस्थानातला गंजिफाचा सर्वांत जुना ठाम उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. 1527 मध्ये बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले, कारण त्याला त्या खेळाची आवड होती आणि त्याने ते मागितले होते. नोंद एवढीच, पण तिच्यातून दोन गोष्टी कळतात. खेळ नवा असल्यासारखं बाबर त्याचं वर्णन करत बसत नाही, म्हणजे त्याच्या गोतावळ्यात तो परिचयाचा होता. आणि पत्ते भेट म्हणून जात होते, म्हणजे ते बनवणारे हात कुठेतरी सवयीने काम करत होते. याच्याही आधी, पंधराव्या शतकातल्या इजिप्तमध्ये, मामलुक सुलतानांच्या राज्यात ‘कंजिफा’ हा शब्द पत्त्यांच्या खेळासाठी वापरात होता. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशा मामलुक पत्त्यांचा एक देखणा संच आजही आहे. त्यात चार रंग आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. मानाची पानं तीन: मलिक म्हणजे राजा, नायब म्हणजे त्याचा दुय्यम, आणि दुसरा नायब. कुणाचंही चित्र नाही, नुसती नावं आणि नक्षी. हाच खेळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात गेला. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाइपेस’ म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासक हा शब्द त्या ‘नायबा’वरूनच आला असं मानतात. आपल्याकडच्या कचेरीत नायब तहसीलदाराच्या टेबलाशी ताटकळणाऱ्या माणसाला कल्पनाही नसते की त्याच पदनामावरून एका अख्ख्या देशाने पत्त्यांना नाव दिलं.

मोगलांकडे आल्यावर या खेळाला एकदम पसारा मिळाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या गंजिफाचं सविस्तर वर्णन केलं आहे, आणि ज्याला नगरजीवनाचा इतिहास वाचायचा आहे त्याने त्या ग्रंथातला तेवढा भाग तरी वाचावाच. आधी बारा रंगांचा, 144 पानांचा खेळ सांगितला आहे. त्या रंगांची नावं आहेत अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी, म्हणजे संस्कृत वळणाची. गजपती हा हत्तींच्या बळावर राज्य करणारा, ओरिसाच्या राजासारखा. नरपती हा पायदळाच्या बळावर राज्य करणारा, विजापूरच्या सुलतानासारखा. एका फारसी ग्रंथात, तुर्की वंशाच्या बादशहाच्या हातात, विजापूरचा आदिलशहा पत्त्याच्या पानावर ‘नरपती’ होऊन बसलेला आहे. त्यानंतर अकबराने केलेले फेरफार येतात आणि ते याहून मजेदार आहेत. सनदांच्या रंगात कागद तयार करणारा, ओळी आखणारा, दफ्तरात नोंद करणारा कारकून, नक्षी काढणारा, बांधणीवाला अशी माणसं पानोपानी येतात. सोन्याच्या आणि चांदीच्या रंगांत टांकसाळीतले कामगार आहेत: धातू वितळवणारा, तुकडे पाडणारा, वजन करणारा. गुलामांच्या रंगात काही जण बसलेले आहेत, काही जमिनीवर पडलेले, काही प्यायलेले, काही शुद्धीवर. बादशाही कारखान्यांची ही हजेरीपत्रकंच म्हणायची. त्या काळात हातांनी काम करणाऱ्यांना इतिहासग्रंथांत फारशी जागा मिळत नव्हती. पत्त्यांच्या पानावर ती मिळाली. पुढे सर्वत्र रूढ झाली ती मात्र आठ रंगांची, 96 पानांची मोगल गंजिफा: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. प्रत्येक रंगात बारा पानं, म्हणजे राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतची गणती.

आता दशावतारी संच समोर ठेवू. रंग दहा, प्रत्येकात बारा पानं, एकूण 120. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. तीन खेळाडू, प्रत्येकाला चाळीस पानं. वजिराचा प्रधान झाला, ताजाच्या जागी मत्स्य आला, तरी सांगाडा तोच आहे. पण निव्वळ सांगाडा जुळला म्हणून भागत नाही. बारा हा आकडा कुणालाही सुचू शकतो. खरा पुरावा खेळ सुरू करण्याच्या नियमात आहे. मोगल गंजिफात दिवसा डाव बसला तर सुर्खाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, आणि रात्री बसला तर सफेदच्या राजाने. सुर्ख म्हणजे लाल सोनं, सूर्याचा रंग. सफेद म्हणजे चांदी, चंद्राचा रंग. दिवसावर सूर्याचा अधिकार, रात्रीवर चंद्राचा, हा या नियमामागचा साधा हिशेब. दशावतारी गंजिफात दिवसा सुरुवात रामाने होते आणि रात्री कृष्णाने. आता राम कोण? सूर्यवंशी. कृष्ण कोण? यदुकुळातला, म्हणजे चंद्रवंशी. सोन्या-चांदीची नाणी काढून तिथे देव बसवताना ज्याने कुणी हा बदल केला त्याने डोळे मिटून दहा नावं भरलेली नाहीत. नियमाच्या आत दडलेलं सूर्य-चंद्राचं गणित त्याला उमगलं होतं, आणि आपल्या पुराणांत त्या गणिताला जुळतील असे दोन देव त्याने नेमके शोधले. चित्रं बदलणं सोपं असतं; एका संस्कृतीतली खूण दुसऱ्या संस्कृतीच्या वंशावळीत बसवणं हे भाषांतरकाराचं काम, तेही चांगल्या भाषांतरकाराचं. हे करणाऱ्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही, आणि ते एकाच माणसाचं काम असेल असंही मला वाटत नाही.

दुसरा पुरावा याहून विचित्र आहे, आणि म्हणूनच अधिक भरवशाचा. गंजिफात निम्म्या रंगांमध्ये राजा आणि प्रधानानंतर दहा हे पान मोठं, मग नऊ, आठ असं उतरत एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत उलटं: प्रधानानंतर एक्का मोठा, मग दोन, तीन, आणि दहा सर्वांत लहान. आठ रंगांच्या संचात चार सबळ, चार दुबळे. दशावतारांत पाच आणि पाच. खेळात अशी उलटी गणती का असावी, याला व्यवहारात काही कारण सापडत नाही; नवख्याची तर हमखास फजिती होते. पण हीच उलटी गणती स्पेनमधल्या ‘ओंब्रे’ या जुन्या खेळात आहे, आणि इटलीतल्या तारोत खेळांतही: तलवार आणि दंड या रंगांत मोठा आकडा मोठा, पेले आणि नाणी या रंगांत लहान आकडा मोठा. मायकेल डमेट हा इंग्रज तत्त्वज्ञ तर्कशास्त्राइतकाच पत्त्यांच्या इतिहासात रमलेला होता, आणि तारोतवर त्याने लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात अशा नियमांच्या धाग्यांवरून खेळांची कुळं लावली आहेत. ती रीत इथेही लागू पडते. सोयीची गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. गैरसोयीची, विनाकारण अवघड अशी गोष्ट दोन ठिकाणी सारखीच आढळली तर ती कुठून तरी वारशाने आलेली असते. सावंतवाडीचा दशावतारी डाव आणि माद्रिदच्या दिवाणखान्यातला ओंब्रे हे दूरचे भाऊबंद आहेत. एक फांदी कैरोहून पश्चिमेला गेली, दुसरी इराणमार्गे पूर्वेला आली, आणि दोन्हींनी आजोबांची तीच खोड जपली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. भारतात प्राचीन काळी ‘क्रीडापत्र’ नावाचे पत्ते होते, गंजिफा त्याचंच पुढचं रूप, मोगलांनी फक्त नाव बदललं, असं अनेक ठिकाणी छापलेलं आढळतं. आईनमधलं एक वाक्यही या बाजूने उभं करता येतं, कारण पूर्वीच्या ज्ञात्यांनी बारा हा आकडा आधाराला धरला होता असं अबुल फजल म्हणतो. पण अबुल फजलच्या लेखणीत कुठल्याही गोष्टीला पुरातन ज्ञात्यांचा आधार देणं ही दरबारी शिष्टाचाराची भाषा आहे. ते ज्ञाते कोण, कुठले, हे तो सांगत नाही. आणि द्यूताबद्दल आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं आहे की विचारू नये. ऋग्वेदात जुगाऱ्याचं सूक्त आहे, महाभारताचा कणाच एका फाशांच्या डावावर उभा आहे, सारीपाट आणि चतुरंग यांचे उल्लेख विपुल आहेत. इतक्या बोलक्या वाङ्मयात पत्त्यांबद्दल मात्र शांतता असावी, याचा साधा अर्थ असा की पत्ते नव्हते. शिवाय पत्ता ही कागदाची, निदान कागदासारख्या पातळ आणि एकसारख्या वस्तूची करामत आहे. पाठीमागून सगळी पानं हुबेहूब सारखी दिसली तरच खेळ चालतो. कागद आणि पत्ते यांची मुळं चीनपर्यंत पोचतात, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. बुद्धिबळ आपण जगाला दिलं, हे खरं असताना पत्तेही आपणच दिले असं म्हणण्याची गरज का भासावी? देण्याइतकंच घेण्यातही चातुर्य लागतं, आणि राम-कृष्णाचा नियम हा त्या चातुर्याचा दाखला आहे.

हे चातुर्य राजांचं की कारागिरांचं, हा पुढचा प्रश्न. राजांचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी एकोणिसाव्या शतकात गंजिफाचे इतके नवे प्रकार रचले की त्यांतला एक 18 रंगांचा आणि 360 पानांचा आहे. तो खेळायला किती जणांना सवड मिळाली असेल देव जाणे. पण राजाच्या कल्पनेने पत्ता तयार होत नाही. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, गोल कापायचं, मग रंग, मग बारीक कुंचल्याने रेषा, शेवटी पाठीला लाख. हे 120 वेळा, आणि प्रत्येक वेळी पाठ अशी की कुठलंही पान दुसऱ्यापासून ओळखू येऊ नये. हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचे संच दरबारासाठी होत. बाजारासाठी हेच कापडी-कागदी. दहाच्या पानावर दहा मासे बसवायचे म्हणजे गोलाची वाटणी आली, आणि सात किंवा नऊ बसवायचे म्हणजे ती अवघड वाटणी आली. हे प्रश्न चितारी सोडवत होता, आणि ते सोडवताना देवाला किती जागा व नक्षीला किती हे तोच ठरवत होता. चितारी ही जमातच रंगाची आणि लाखेची. गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचे रंगीत पाट आणि चौरंग प्रसिद्ध आहेत, आणि पाळणे, पाट, खेळणी रंगवणाऱ्या कुंचल्यानेच पत्ते रंगवले जात होते. म्हणून गंजिफातला मासा आणि लग्नाच्या पाटावरची वेल यांची रेषा एका घराण्यातली वाटते. मोगल दरबारातून आलेला खेळ पाटाच्या रेषेत उतरला, हे रूपांतर कुठल्याही राजाज्ञेने होत नसतं.

प्रत्येक गावाने हे रूपांतर आपापल्या परीने केलं, हेही पाहण्यासारखं आहे. दहा अवतारांतला नववा बुद्ध. पण ओडिशातल्या गंजिफात, म्हणजे तिथल्या ‘गंजपा’त, त्याच्या जागी जगन्नाथ येतो, कारण तिथल्या चित्रकाराच्या घरापासून पुरीचं देऊळ जवळ आहे. आपल्या जुन्या पंचांगांच्या चित्रांत नवव्या जागी विठोबा उभा असतो, त्यातलाच हा प्रकार. बंगालमध्ये विष्णुपूरच्या पत्त्यांची रेषा आणखी वेगळी, जाड आणि ठसठशीत. एकच खेळ गावोगावी असा बदलला याचा अर्थ तो कुठेच नुसता उसना राहिला नाही. सावंतवाडीच्या बाबतीत तर भूगोलच बोलका आहे. पलीकडे पोर्तुगीजांचं गोवं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हाती गेलेला पेडणे महाल त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. पोर्तुगीज खलाशी युरोपातले पत्ते घेऊन सगळीकडे हिंडले. जपानी भाषेत पारंपरिक पत्त्यांना आजही ‘करुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’ आहे, आणि जपानकडे जाणारी त्यांची जहाजं गोव्याहूनच सुटत. म्हणजे एकाच मुळातून फुटलेल्या दोन फांद्या, एक लिस्बनचा वळसा घालून आणि दुसरी आग्र्याचा वळसा घालून, तेरेखोलच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या. जगाचे नकाशे पाहून ही भेट कळत नाही. चिताऱ्याच्या पाटावरून कळते.

मग हा खेळ मागे पडला कशाने? उत्तर नेहमीचं आहे, छापखान्याने. लंडनच्या थॉमस द ला र्यू याने 1831 मध्ये रंगीत पत्ते छापण्याचं पेटंट घेतलं, आणि शतक संपता संपता विलायती 52 पानांचा जोड बंदरांतून गावोगाव पोचला. तो स्वस्त होता, खिशात मावत होता, आणि कोपऱ्यात आकडा छापल्यावर पानं पंख्यासारखी धरली तरी वाचता येऊ लागली. गोल पत्त्याला कोपराच नाही. त्याचं चित्र पूर्ण पाहावं लागतं. त्यातही मराठी माणसाने आपलं काम केलंच. चार विलायती रंगांपैकी दोघांना त्याने आकारावरून नावं दिली, बदाम आणि चौकट, आणि उरलेले दोन, इस्पिक आणि किलवर, परक्या उच्चारासकट आपल्या तोंडात बसवून घेतले. हुकूम हा शब्द अरबी, एक्का आपला, आणि ‘हुकमाचा एक्का’ हा वाक्प्रचार अस्सल मराठी. नवा पत्ता परका म्हणून कुणी नाकारला नाही. पण त्याने चिताऱ्याच्या पोटावर पाय दिला, हेही खरं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा जाणणारे थोडे वृद्ध कारागीर उरले होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करवलं, त्या वृद्धांकडून तंत्र शिकून घेतलं, स्वतः कुंचला हाती धरला. सत्वशीलादेवींनी पुढे हयातभर हे काम सोडलं नाही. त्याच काळात रुडॉल्फ फॉन लायडेन हा जर्मनीतून मुंबईत आलेला कलासमीक्षक देशभर हिंडून गंजिफाचे संच जमवत होता. 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्याने लिहिलेला ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ ठरला. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेला माणूस मुंबईच्या नव्या चित्रकारांचा पाठीराखा होतो आणि कोकणातल्या चिताऱ्यांच्या पत्त्यांचा इतिहास लिहितो. गंजिफाच्या प्रवासाला शोभेल असाच हा इतिहासकार.

आजच्या गंजिफावर दोन टीका होतात. पहिली अशी की हे पुनरुज्जीवन पर्यटकांसाठी आहे; कुणी खेळत नाही, लोक सहा-आठ पानं चौकटीत बसवून भिंतीवर लावतात, तेव्हा ही जिवंत परंपरा कसली? दुसरी टीका विरुद्ध टोकाची: बाहेरच्या मुळांचा इतका पाढा वाचलात तर स्थानिक कारागिराचं श्रेय उणावतं, आणि भौगोलिक मानांकनासारख्या ज्या गोष्टी त्याला बाजारात उभं करतात त्यांचा आधारच जातो. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. मानांकन मूळ शोधाचा दाखला नसतं. विशिष्ट गावाच्या हाताची ओळख कायद्याने जपण्याचा तो मार्ग आहे. म्हैसूरच्या गंजिफाला वेगळं मानांकन आहे आणि सावंतवाडीच्या गंजिफालाही अलीकडे वेगळं मिळालं, यातच सगळं आलं. खेळ एकच असून हात वेगळे आहेत म्हणून दोन नोंदी झाल्या. पैठणीच्या रेशमाचं मूळ चीनमध्ये आहे म्हणून येवल्याच्या विणकराचं काही कमी होत नाही. उलट, कच्चा माल जितका लांबचा तितकी त्याला आपलंसं करण्याची करामत मोठी. मूळ लपवून मिळवलेला अभिमान पहिल्या जाणकार प्रश्नाला कोसळतो. मूळ सांगून मिळवलेला टिकतो.

पहिल्या टीकेत मात्र तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पर्यटकाच्या पैशाने चिताऱ्याची चूल पेटते, यात कमीपणा काहीच नाही. दरबारी गिऱ्हाईक तरी वेगळं काय करत होतं? बाबराने सिंधला पाठवलेला संचही भेटवस्तूच होती. अडचण विक्रीची नाही, तुकड्यांची आहे. भिंतीवर टांगलेल्या मत्स्यावतारात रंग शिल्लक राहतो, रेषा शिल्लक राहते, पण सूर्य-चंद्राचा नियम आणि उलटी गणती, म्हणजे जिथे जगाचा प्रवास नोंदला गेला आहे तो भाग, जातो. चित्र हे या परंपरेचं कातडं आहे आणि नियम हाडं. कातडं जपण्यासाठी राजघराण्याने, संग्रहालयांनी, मानांकनाने मेहनत घेतली. हाडांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. कुणी म्हणेल, आता 120 पानांचा, गेलेली पानं लक्षात ठेवायचा खेळ खेळायला वेळ कुणाला आहे? ज्या घरांतून गणपतीच्या रात्री तीनशेचार आणि लाडीस उजाडेपर्यंत चालतात, मोबाईलवर रमी चालते, तिथे हा प्रश्न वेळेचा आहे असं मला वाटत नाही. नियम सांगणारं कुणी नाही, एवढंच. प्रत्येक संचाबरोबर मराठीतून छापलेले चार पानी नियम द्यायला फार मोठ्या योजनेची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत दशावतार होतात, तिथे एका वर्गात एक संच ठेवायलाही नाही. मुलं पुराण, गणित आणि इतिहास एका डावात शिकतील, आणि चिताऱ्याला पूर्ण संचाची मागणी येईल, जी आज त्याला सर्वांत कमी येते आणि जिच्यात त्याचं सगळं कसब लागतं.

तेव्हा सावंतवाडीला गेलात तर भिंतीसाठी पाच-सहा पानं मागू नका. पैसे थोडे साठवून पूर्ण 120 चा संच घ्या, आणि देणाऱ्याला नियम विचारा. त्याला येत असतील तर तिथेच बसून लिहून घ्या. खेळायला तिघं लागतात. दिवसा बसलात तर सुरुवात रामाने करायची, रात्री बसलात तर कृष्णाने.